घरच्या वर्कशॉपमधला लेथ आणि मिलिंग: सिंगल फेजवर ड्राइव्ह लावू की थ्री फेज मीटर घेऊ?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी कराडजवळच्या एका गावात राहतो. नोकरी बँकेत आणि नाद जुन्या ऑइल इंजिनांचा. पूर्वी गुऱ्हाळावर आणि विहिरींवर असायची ती संथ गतीची, मोठ्या फ्लायव्हीलची इंजिनं मिळतील तिथून आणतो आणि पुन्हा चालू करतो. बुश, पिन, व्हॉल्व्ह गाइड अशा बारीकसारीक कामासाठी दर वेळी कोल्हापूर गाठावं लागतं. आता तिथल्याच उद्यमनगरातलं एक वर्कशॉप बंद होत होतं, तिथून साडेचार फुटी ऑल गिअर लेथ आणि एक छोटं मिलिंग मशीन घेतलं आहे. घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये फाउंडेशन करून दोन्ही बसवली आहेत.

अडचण लाईटची. घरात सिंगल फेज मीटर आहे, मंजूर भार ३ किलोवॅट. दोन्ही मशीनच्या मोटरी थ्री फेज. पाट्या पुसून वाचल्या, त्या अशा:

लेथ: २ एचपी, १.५ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ३.४ अँपिअर, १४२० आरपीएम, स्टार.
मिलिंग: ३ एचपी, २.२ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ४.७ अँपिअर, १४३० आरपीएम, डेल्टा.
(स्टार म्हणजे तिन्ही कॉइलींची एकेक टोकं एका ठिकाणी बांधलेली, डेल्टा म्हणजे तिन्ही कॉइली एकीला एक जोडून त्रिकोण.)

जो भेटतो तो वेगळं सांगतो. गावातला वायरमन म्हणतो कॅपॅसिटर लावा. दुकानदार म्हणतो ड्राइव्ह घ्या, म्हणजे सिंगल फेजमधून थ्री फेज घडवणारा इलेक्ट्रॉनिक डबा. यूट्यूबवर बघावं तर सगळे रोटरी फेज कन्व्हर्टर बनवतात, म्हणजे एक मोटर मोकळी फिरवून तिच्यातून तिसरी फेज काढतात. घरचे म्हणतात सरळ थ्री फेज मीटर घे. आणि आमच्या विहिरीवर पंपाचं थ्री फेज कनेक्शन आहेच, शेडपासून दोनशे मीटरच्या आत, तर भाऊ म्हणतो तिथूनच केबल ओढू.

एका वेळी एकच मशीन चालणार. काम संध्याकाळी आणि रविवारी. मशीन जुनी आहेत, पण बेड आणि स्पिंडल चांगले आहेत, त्यामुळे मोटर जळेल असं काही करायचं नाही. कोणी असं प्रत्यक्ष केलं असेल तर सविस्तर सांगा.

ऊसवाला

कॅपॅसिटरचं मी सांगतो, कारण आमच्या शिवारात हा उद्योग वर्षानुवर्षं चालत आलाय. सिंगल फेजिंगच्या वेळात तीनपैकी दोनच फेज नीट मिळायच्या, तेव्हा लोक तिसऱ्या टोकाला कॅपॅसिटर देऊन पाणबुडी मोटरी चालवायचे. चालायच्या, हे खरं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या दादा.

एक म्हणजे तिथे दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट मिळायचे. तुमच्या घरात फेज आणि न्यूट्रल, म्हणजे २३०. त्यामुळे शेतातला वायरमन त्याच सवयीने जोडणी करायला गेला तर तुमची मोटर नुसती गुरगुरत राहील. लेथची मोटर डेल्टात आणून २३० वर कॅपॅसिटर लावता येतो, किलोवॅटमागे साधारण ७० मायक्रोफॅराड धरतात. म्हणजे तुम्हाला शंभराच्या आसपास लागेल, तोही ४४० व्होल्टचा, कायम चालणारा.

दुसरं, पंपाला सुरुवातीला जोर लागत नाही. वेग वाढेल तसा भार वाढतो. लेथला उलट. जड चक (जॉब पकडणारा भाग) जागेवरून हलवायचा असतो. कॅपॅसिटरवर सुरुवातीचा जोर निम्म्याहून कमी भरतो आणि चालतानाही मोटर पाटीवरच्या दोन तृतीयांशाच्या पुढे नेता येत नाही. तिन्ही फेजमधला करंट सारखा नसतो, म्हणून मोटर थरथरते. पंपाला त्याने फरक पडत नाही. तुम्ही बुश टर्न करताय, त्यावर त्या थरथरीच्या रेघा उमटतील.

आमच्याकडे असे चालवलेले पंप वाइंडिंगवाल्याकडे किती फेऱ्या मारायचे ते मी पाहिलंय. चांगल्या मशीनला हे करू नका.

वाइंडर_उद्यमनगर

कृष्णाकाठ, तुम्ही दोन्ही पाट्या लिहिल्यात म्हणून नेमकं सांगता येतंय. आमच्या दुकानात लोक "तीन फेजची मोटर आहे, सिंगलवर चालेल का" एवढंच विचारतात. सप्लाय कुठून आणायचा हे नंतर ठरवू. आधी मोटरच्या आतली गुंडाळी किती व्होल्टची आहे ते बघायचं. तुमच्या दोन मोटरींचं उत्तर वेगवेगळं आहे ते त्याच्यामुळेच.

लेथची मोटर ४१५ स्टार. स्टारमध्ये प्रत्येक कॉइलच्या वाट्याला ४१५ भागिले १.७३ म्हणजे २४० व्होल्ट येतात. त्याच तीन कॉइल डेल्टात जोडल्या आणि बाहेरून २३० ते २४० व्होल्टची थ्री फेज दिली, तर कॉइलला काहीच वेगळं वाटत नाही. तेवढेच व्होल्ट, तेवढीच ताकद. सिंगल फेज इनपुटचा ड्राइव्ह हेच देतो. घरातले २३० आत घेतो, त्याचं सव्वातीनशेच्या आसपास डीसी करतो आणि त्यातून २३० व्होल्टची थ्री फेज घडवतो. २३० च्या वर तो देऊ शकत नाही, त्यामुळे ४१५ डेल्टाच्या मोटरीला तो कमी पडतो. आपल्याकडे साधारण २ एचपीपर्यंतच्या मोटरी स्टारमध्ये येतात आणि ३ एचपीपासून पुढे डेल्टात. तुमची एक इकडची आणि एक तिकडची निघाली. मिलिंगचं नंतर बोलू, आज लेथ चालू करू.

ड्राइव्ह घेताना एचपी बघू नका, अँपिअर बघा. डेल्टात आल्यावर मोटरचा करंट ३.४ गुणिले १.७३, म्हणजे ५.९ अँपिअर होतो. १.५ किलोवॅटचा ड्राइव्ह साधारण ७ अँपिअर देतो, चालून जाईल. मी तुमच्या जागी २.२ किलोवॅटचा घेईन, तो १० अँपिअरच्या आसपास देतो. पुढे मिलिंगलाही उपयोगी पडेल आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ड्राइव्ह तापतो, तेव्हा हा जादा हात कामी येतो.

आता मोटरचं झाकण उघडा. आत सहा स्टड आणि पितळी पट्ट्या असतील तर काम पाच मिनिटांचं. तीन स्टड एका रांगेत आडव्या पट्टीने जोडलेले असतील तो स्टार. पट्ट्या काढून उभ्या लावल्या की डेल्टा. पण जुन्या लेथच्या मोटरीला बऱ्याच वेळा तीनच वायरी बाहेर असतात आणि स्टारचा सांधा आत गुंडाळीत पुरलेला असतो. तसं निघालं तर घाबरू नका, रिवाइंडिंग लागत नाही.

ते काम असं करतात. पुलीच्या विरुद्ध बाजूचं कव्हर खोला, फॅन काढा, रोटर सांभाळून बाहेर घ्या. कॉइलच्या कडेला सुती दोऱ्याने बांधलेला गठ्ठा दिसेल. बाहेर जाणाऱ्या तीन वायरी कुठून निघतात ते आधी बघून ठेवा. मग त्या गठ्ठ्यात बोटाने चाचपत एक जाड स्लीव्ह शोधा, बाहेर कुठेच न जाणारी. त्या स्लीव्हखाली तीन टोकं एकत्र पिळून डाग दिलेली असतात. हाच स्टार. वार्निशने सगळं दगडासारखं झालेलं असतं, म्हणून आधी हॉट एअर गनने हळूहळू गरम करा. थंड असताना ओढलंत तर कॉइलची तार मुळाशी तुटते आणि मग खरंच रिवाइंडिंगला जावं लागतं. सांधा सुटला की तिन्ही टोकांना वेगवेगळ्या रंगाची लवचीक वायर डाग देऊन जोडा, प्रत्येकावर फायबरची स्लीव्ह चढवा, दोऱ्याने पुन्हा बांधा, वार्निश मारा.

बाहेर आधीपासून असलेल्या वायरी ए-१, बी-१, सी-१ समजा. स्टारमधून काढलेली टोकं ए-२, बी-२, सी-२. कोणतं कोणाचं ते मीटरने कंटिन्युइटी बघून लिहून ठेवा, अंदाजाने नको. डेल्टासाठी ए-१ ला सी-२, बी-१ ला ए-२, सी-१ ला बी-२. तीन जोड्या झाल्या, त्याच तीन वायरी ड्राइव्हकडे.

चालू करण्याआधी ५०० व्होल्टचा मेगर लावून बॉडीला इन्सुलेशन बघा. एक मेगओमच्या खाली असेल तर मोटर ओल धरून आहे. स्टेटरच्या आत शंभरचा साधा बल्ब रात्रभर लावून ठेवा, सकाळी परत मोजा. मेगर लावताना ड्राइव्हची वायर काढलेली हवी. मेगरचे पाचशे व्होल्ट ड्राइव्हमध्ये गेले तर तो संपलाच.

वायरिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचं: ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये काहीही नको. जुना स्टार्टर काढून टाका, त्याची कॉइल ४१५ ची आहे, ती तशीही ओढणार नाही. लेथच्या लिव्हरला जो पुढे-मागेचा ड्रम स्विच आहे तोही मोटरच्या वाटेतून बाहेर काढा. ड्राइव्ह चालू असताना मोटर मध्येच तोडली आणि जोडली की आउटपुटचे ट्रान्झिस्टर उडतात. स्विच फेकू मात्र नका. त्याचे कॉन्टॅक्ट साफ करून ड्राइव्हच्या फॉरवर्ड, रिव्हर्स आणि कॉमन या बारीक टर्मिनलला जोडा. लिव्हर जागच्या जागी राहते, हाताची सवय मोडत नाही.

यात एक धोका आहे, तो नीट वाचा. जुन्या स्टार्टरला लाईट गेली की कॉइल सुटायची आणि लाईट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरू व्हायचं नाही. ड्राइव्हला लिव्हर लावल्यावर ही सोय आपोआप राहत नाही. लाईट गेली, तुम्ही चकमध्ये चावी घालून जॉब बदलताय, लिव्हर पुढेच राहिली आहे, आणि लाईट आली. बऱ्याच ड्राइव्हमध्ये "पॉवर आल्यावर लिव्हर पुढे असेल तर सुरू होऊ नको" असं सेटिंग असतं. ते पहिल्या दिवशी शोधा, लावा आणि मेन स्विच पाडून-चढवून खात्री करा. नसेल तर दाबून सोडायच्या स्टार्ट आणि स्टॉप बटणांची तीन वायरची जोडणी करा. आणि हेडस्टॉकवर, हात जाईल तिथे, लाल मशरूम बटण.

ड्राइव्हला स्वतंत्र लाईन द्या. पूर्ण भारावर तो १२ ते १५ अँपिअर खेचेल, घरातल्या सॉकेटवरून नको. ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि २५ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी. मंजूर भार ३ किलोवॅट आहे, घरात गिझर आणि पाण्याची मोटर असणार, तेव्हा भार वाढवण्याचा अर्जही करून टाका. अर्थिंग शेडजवळ स्वतःचं काढा. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट कायम अर्थला जातो, त्याने कधी कधी आरसीसीबी (करंट अर्थला गळला की लाईन तोडणारा स्विच) पडतो. पडला म्हणून आरसीसीबी काढायचा नाही, ड्राइव्हच्या पुस्तिकेत सांगितलाय तो टाइप आणून लावायचा. आणि ड्राइव्हचं झाकण उघडायचं असेल तर मेन बंद करून दहा मिनिटं थांबा, आतल्या कॅपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट साठलेले असतात.

सेटिंगमध्ये मोटर व्होल्ट २३०, फ्रिक्वेन्सी ५०, करंट ५.९, वेग १४२०. सुरू व्हायला चार सेकंद द्या. कूलंट पंप जुनाच थ्री फेज असेल तर त्याला ड्राइव्हवर घेऊ नका, वेग कमी केलात की तो पाणी उचलणार नाही. कूलरचा सिंगल फेज पंप आणा, भागतं.

मोटर उघडली की इथे लिहा.

कृष्णाकाठ

काका, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं. मोटर उघडली. तीनच वायरी बाहेर होत्या. तुम्ही सांगितलं तशी आत जाड काळी स्लीव्ह सापडली, पण ती फॅनच्या बाजूला नव्हती, पुलीच्या बाजूला होती. हळूहळू गरम करून सांधा सोडवला, तिन्ही टोकं शाबूत आहेत. मेगर आमच्या वायरमनकडून आणला, इन्सुलेशन चांगलं दाखवलं.

दोन शंका आहेत. वेग आता नॉबने कमी-जास्त होईल, तर गिअर बदलायची गरज उरेल का? आणि जुन्या मोटरीचं इन्सुलेशन ड्राइव्हच्या झटक्यांनी जातं असं वाचलं, ते कितपत खरं? शिवाय मिलिंग राहिलंच आहे. रोटरी कन्व्हर्टर मिलिंगसाठी बनवावा का?

ओहायोकर

रोटरीबद्दल मी सांगतो, कारण माझ्या गॅरेजमध्ये तोच आहे. मूळचा इचलकरंजीचा, आता ओहायोत.

इकडे घरांना थ्री फेज जवळजवळ मिळतच नाही. घरात १२०-०-१२० अशी सिंगल फेज येते, दोन टोकांत २४०. आणि इथल्या जुन्या मशीनच्या मोटरी बहुतेक दोन व्होल्टेजच्या असतात, २३०/४६०, नऊ वायरी बाहेर काढलेल्या. कॉइलचे दोन अर्धे सिरीजमध्ये जोडले की ४६०, समांतर जोडले की २३०. म्हणून घरातल्या २४० वर एक मोठी मोटर मोकळी फिरवायची, तिच्यातून तिसरी फेज घ्यायची, आणि ती मशीनला द्यायची. मशीन २३० च्या जोडणीवर सुखाने चालतं. इतक्या सरळपणे सगळं जुळतं, म्हणून इकडच्या व्हिडिओंमध्ये तुम्हाला तोच दिसतो.

तुमच्याकडे ते जुळत नाही. २३० वरच्या रोटरीतून बाहेरही २३० च येणार आणि तुमचं मिलिंग ४१५ मागतंय. मध्ये २३० चं ४१५ करणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. शिवाय फिरवायची मोटर मशीनच्या दीडपट-दुप्पट मोठी लागते, म्हणजे ५ एचपी कायम घरघरत ठेवायची. घरच्या सिंगल फेज मीटरवर ती सुरू होतानाच शेजारचे दिवे मिणमिणतील. एकापेक्षा जास्त मशीन एकदम चालवणाऱ्याला रोटरी बरा. तुम्हाला नाही.

वाइंडर_उद्यमनगर

ओहायोकरांनी नऊ वायरींचं सांगितलं ते फार बरं झालं. मिलिंगचं उत्तर त्यातच दडलंय.

पण आधी कृष्णाकाठांच्या शंका. स्लीव्ह पुलीच्या बाजूला निघाली, म्हणजे बांधणारा जोडणी त्या बाजूला घ्यायचा. असं असतं, प्रत्येक दुकानाची पद्धत वेगळी. टोकं शाबूत आली हे मोठं काम झालं.

गिअर सोडू नका. ५० हर्ट्झच्या खाली मोटर फिरवलीत तर वेग कमी होतो आणि जोर तेवढाच राहतो, वाढत नाही. गिअर टाकून वेग कमी केला तर जोर कितीतरी पटीने वाढतो. मोठा व्यास टर्न करताना किंवा जाड ड्रिल घालताना गिअरच हवा. दुसरं, मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर आहे. २० हर्ट्झवर बराच वेळ भार दिलात तर हवा मिळत नाही, मोटर आतून शिजते. गिअरने जवळचा वेग घ्या आणि नॉबने ३० ते ६० हर्ट्झमध्ये बारीक जुळवा. फेसिंग करताना टूल मध्याकडे जाईल तसा नॉबने वेग वाढवता येतो, त्याने जे फिनिश येतं ते बघून तुम्हाला बरं वाटेल.

इन्सुलेशनची भीती ४१५ च्या ड्राइव्हवर, लांब केबलवर खरी आहे. तुमच्याकडे डीसी सव्वातीनशेची. केबलवर झटका दुप्पट झाला तरी साडेसहाशेच्या घरात. ही गुंडाळी ४१५ साठी बांधलेली आहे, ती रोज ५८७ व्होल्टचं शिखर सोसत आली आहे. केबल तीन-चार मीटरच ठेवा, जाळीची घेतलीत तर रेडिओची खरखरही कमी होईल.

आता मिलिंग. ४१५ डेल्टा, म्हणजे प्रत्येक फेजच्या कॉइलला ४१५ हवेत. ड्राइव्ह देतो २३०. लगेच मोटर उघडू नका. आधी आहे तशीच लावून बघा, फक्त सेटिंगमध्ये बेस फ्रिक्वेन्सी (जिथे पूर्ण व्होल्ट मिळतात ती) २८ हर्ट्झ आणि व्होल्ट २३० ठेवा, करंट ४.७. व्होल्ट आणि फ्रिक्वेन्सीचं प्रमाण पाटीवरच्या एवढंच राहतं, त्यामुळे २८ हर्ट्झपर्यंत मोटर पूर्ण जोर देते. त्याच्या वर ५० पर्यंत नेलीत तर वेग मिळतो आणि जोर उतरत जातो. एकूण ताकद साधारण १.२ किलोवॅटची मिळते, ३ एचपीची दीड-पावणेदोन एचपी झाली असं धरा. व्हॉल्व्ह गाइडचा स्लॉट, की-वे, ब्रॅकेटची फेस यासाठी एवढं पुष्कळ आहे. कित्येकांचं काम इथेच भागतं.

पूर्ण तीन एचपी हवीच असेल तर मग जोडणी बदलायची. १४३० आरपीएम म्हणजे चार पोलची मोटर. बहुतेक वेळा प्रत्येक फेजच्या कॉइलींचे चार गट एकामागोमाग सिरीजमध्ये असतात. ते दोन-दोनच्या दोन समांतर वाटांत जोडले की तीच मोटर ४१५ ऐवजी २०७ व्होल्टची होते. आमच्याकडे याला एक सर्किटचं दोन सर्किट करणं म्हणतात. अमेरिकेतल्या मोटरीत ही टोकं बाहेर काढून देतात, आपल्याला आत जाऊन करावं लागतं, एवढाच फरक. ड्राइव्हमध्ये मोटर व्होल्ट २०८, फ्रिक्वेन्सी ५०, करंट दुप्पट म्हणजे ९.४ टाकायचा. म्हणूनच मी २.२ किलोवॅटचा ड्राइव्ह घ्या म्हणालो, पण मोटरचा हा आकडा ड्राइव्हच्या पाटीवरच्या आउटपुट अँपिअरच्या आत बसतोय ना, ते विकत घेतानाच बघा.

हे काम मात्र घरी करू नका. गटांची दिशा आलटून पालटून असते, एक गट उलटा लागला तर दोन वाटा एकमेकींशी भांडतात आणि मोटर बिनभाराची असतानाच तापते. चांगल्या वाइंडिंगवाल्याकडे न्या आणि त्याला सांगा, "रिवाइंड नको, सिरीजचं दोन पॅरलल कर, डेल्टा ठेव." ज्याला हे वाक्य कळलं त्याच्याकडेच मोटर सोडा. काही मोटरींत आधीपासूनच दोन सर्किट असतात, तेव्हा तो आधी मोजेल आणि मगच हो म्हणेल. तसं निघालं तर चार सर्किट करता येतील का हे तोच बघू शकतो.

चाकण_मेंटेनन्स

ड्राइव्हची बाजू काकांनी पूर्ण सांगितली. मी थ्री फेज मीटरचं सांगतो, कारण घरी घेतलंय. माझ्याकडे कॉम्प्रेसर, वेल्डिंग आणि लेथ एकाच वेळी चालतात, तेव्हा ड्राइव्हने भागत नव्हतं.

पहिल्यांदा घरासमोरच्या खांबावर बघा. तिन्ही फेजच्या तारा तिथपर्यंत आल्या असतील तर काम सोपं. फेज आणि न्यूट्रल एवढंच आलं असेल तर डीपीपासून लाईन वाढवावी लागेल आणि कोटेशनचा आकडा तिथेच बदलतो. महावितरणच्या पोर्टलवर अर्ज होतो, लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तुमचं काम हौशी आहे, विकत नाही, तेव्हा निवासी वर्गातच थ्री फेज मागा. उद्या गावातल्या लोकांची थोडी कामं घेऊ लागलात तरी दरपत्रकात सोय आहे: घराच्या काही भागात छोटा व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, वर्षाला ३६०० च्या आत असेल तर निवासी दरच लागतो. थ्री फेजचा स्थिर आकार सिंगलपेक्षा जास्त असतो, तो मशीन बंद असलं तरी दर महिन्याला भरायचा, हे हिशेबात धरा.

विहिरीवरून केबल ओढायचा विचार आजच सोडून द्या. ते कृषी कनेक्शन आहे. त्यावर लेथ चालवणं म्हणजे मंजूर कारणाव्यतिरिक्त वापर, विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ मध्ये बसतं आणि आकारणी दुप्पट दराने होते. विहिरीचं कनेक्शनच अडचणीत येईल. शिवाय शेतीची लाईन पाळीने येते. तुम्ही संध्याकाळी काम करणार आणि लाईन त्या आठवड्यात रात्री.

थ्री फेज घेतलंत तर स्टार्टरसोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर लावल्याशिवाय एकही मशीन चालवू नका. वादळात एक फेज गेली की मोटर दोनवर ओढत राहते आणि काही मिनिटांत जळते. फेज क्रम बघणारा घ्या. लाईनची दुरुस्ती झाल्यावर दोन फेज अदलाबदल होऊन आल्या तर मशीन उलटं फिरतं. तुमच्या लेथचा चक आट्यांवर बसणारा आहे का? तसा असेल तर उलटं फिरताना तो सुटू शकतो.

ऊसवाला

ड्राइव्हवाल्यांसाठी एक. गावात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, १९० वर येतं. तेव्हा ड्राइव्हमधूनही १९० च्या वर निघत नाही आणि लेथ ५० हर्ट्झवर मरगळतो. ४० हर्ट्झवर आणा, जोर परत भरतो. आणि न्यूट्रल तुटला तर घरात साडेतीनशेही येतात. जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारा एक प्रोटेक्टर ड्राइव्हच्या आधी लावा, तो ड्राइव्हपेक्षा खूप स्वस्त आहे.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला कलम १२६ वाचून दाखवलं, केबलचा विषय मिटला. २.२ किलोवॅटचा ड्राइव्ह घेतला, पाटीवर आउटपुट १० अँपिअर आहे. लेथ डेल्टात जोडला, लिव्हर बारीक टर्मिनलवर आणली. लाईट पाडून-चढवून बघितली, लिव्हर पुढे असतानाही सुरू होत नाही. बिनभाराला करंट ३ अँपिअरच्या खाली दाखवतोय. ऐकताना आवाज नेहमीच्या मोटरीपेक्षा वेगळा, बारीक शिट्टीसारखा येतो. मिलिंग २८ हर्ट्झच्या सेटिंगवर बघणार आहे.

चाकणच्या दादांनी विचारलं तसं, हो, चक आट्यांवरच बसतो. ड्राइव्हमध्ये थांबायची वेळ एक सेकंद ठेवली तर चालेल का? जॉब लवकर थांबतो म्हणून विचारतोय.

वाइंडर_उद्यमनगर

नाही. आट्यांच्या चकला एक सेकंद ठेवू नका. स्पिंडल झटकन थांबतो, चकचं वजन फिरत राहतं आणि आटे सुटून चक बेडवर येतो. शिवाय एवढ्या लवकर थांबवताना मोटर उलटी वीज ड्राइव्हमध्ये ढकलते, जड चक असेल तर ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेज दाखवून ट्रिप होतो. थांबायला पाच-सहा सेकंद द्या. रिव्हर्सचं टर्मिनल सध्या जोडूच नका. थ्रेडिंगला उलटं फिरवायचं असेल तेव्हा आधी चकला मागून पकडणारा क्लॅम्प करून घ्या, मग रिव्हर्स जोडा आणि तेही कमी वेगावर.

शिट्टी ड्राइव्हच्या कॅरिअर फ्रिक्वेन्सीची (आतले ट्रान्झिस्टर ज्या वेगाने चालू-बंद होतात त्याची) आहे, मोटरमध्ये दोष नाही. ती ४ किलोहर्ट्झवरून ८ वर नेलीत तर आवाज कमी होईल, फक्त ड्राइव्ह थोडा जास्त तापेल. उन्हाळ्यात परत ४ वर आणा. पहिला बुश टर्न करताना अर्धा तास मोटरच्या बॉडीला हात लावून बघत राहा आणि भारावरचा करंट इथे टाका, ५.९ च्या किती जवळ जातोय ते बघून कट किती घ्यायचा ते सांगतो.